गोळ्यांचा आठवडी डबा: देवबागच्या पावसात वापरून पाहिलेला

पाचपैकी तीन तारे. दीड तारा पावसाने खाल्ला आणि उरलेला अर्धा इंग्रजी अक्षरांनी.

वस्तू अशी आहे: पारदर्शक प्लास्टिकचा ट्रे, त्यात सात वारांच्या सात रंगीत डब्या, प्रत्येक डबीत सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला नखाने उघडायचं झाकण. ऑनलाइन मागवला, अडीचशेच्या आसपास पडला. डब्यावर कंपनीचं नाव नाही, खोक्यावरही नाही. तसले डझनभर डबे वेगवेगळ्या नावांनी विकायला आहेत, सगळे एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं समजू नका, या जातीच्या डब्याचं समजा.

कोणी वापरला ते सांगायला हवं, कारण सगळा फरक तिथेच पडतो. ब्लडप्रेशरची एक गोळी घेणाऱ्याला हा डबा कदाचित पाच तारेच वाटेल. मी फिटच्या गोळ्या घेतो. सकाळ-रात्र कार्बामाझेपिन आणि रात्री तिच्यासोबत क्लोबाझाम. पूर्वी ट्रॉलरवर होतो, आता किनाऱ्यावर जाळी सांधतो आणि घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. राहायला देवबागला. ज्यांनी गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी: एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. आषाढात घरातलं मीठ बरणीत पाणी होऊन बसतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. असल्या हवेत गोळ्या ठेवायच्या आहेत.

आधी चांगलं बोलतो. हा डबा एका प्रश्नाचं उत्तर देतो, आणि आमच्यासारख्यांना तो प्रश्न रोजचा आहे: घेतली की नाही? रात्रीच्या क्लोबाझामने सकाळी डोकं जड असतं. चहा घेता घेता गोळी घेतली की नुसती हातात धरली होती, हे दहा मिनिटांनी सांगता येत नाही. आई चुलीकडून ओरडते, "झिला, गोळी घेतलंस मां?" आणि मी गप्प. आता कप्पा बघायचा. रिकामा असेल तर घेतली.

हे किरकोळ वाटेल, पण नाही. फिटच्या गोळीचं काम रक्तातली पातळी सारखी ठेवण्याचं असतं. आजार आटोक्यात असलेल्या माणसाला अचानक फिट आली तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो गोळी चुकली का, हाच. आपल्या मनाने एकदम बंद केल्या तर प्रकरण फारच वाईट, एकामागून एक फिट येत राहतात आणि माणूस शुद्धीवर येत नाही असंही होतं. उलट बाजूही आहे. आठवत नाही म्हणून दुसरी घेतली तर कार्बामाझेपिनने तोल जातो, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते. आमच्या वाडीत असा माणूस दिसला की पहिलं वाक्य ठरलेलं: "सकाळीच मारून इलो वाटता." चुकलेल्या गोळीबद्दल मला बांबोळीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असं: आठवली की घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही. आमच्या सिंधुदुर्गातली निम्मी माणसं मोठ्या दुखण्याला गोव्याला, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजलाच जातात, मीही तिथलाच. तुमच्या गोळीचा नियम तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, सगळ्या गोळ्यांना एकच नियम नसतो.

आता पाऊस.

झाकण बंद होतं, पण घट्ट बसत नाही. दाबल्यावर जरा अडकल्यासारखं वाटतं एवढंच, कडेने हवा सरळ जाते. मी साधी चाचणी केली. भाजलेल्या उडदाच्या पापडाचा तुकडा रात्री एका कप्प्यात ठेवला, झाकण लावलं, ट्रे फळीवर. सकाळी तुकडा दुमडला तरी मोडला नाही. तसाच तुकडा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेला, तो कुरकुरीत. ज्या कप्प्यात पापड रात्रभर टिकत नाही, त्यात फॉइलमधून काढलेली गोळी सात दिवस ठेवायची आहे.

आणि कार्बामाझेपिन ही नेमकी दमट हवेशी वैर असलेली गोळी आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने, एफडीएने, १९९० मध्येच इशारा दिलेला: ओलसर जागी ठेवलेल्या कार्बामाझेपिनच्या गोळ्यांचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. न्हाणीघरात ठेवू नका, असं त्यांनी म्हटलं होतं. आमचं तर जून ते सप्टेंबर सगळं घरच न्हाणीघर. औषध हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याचे स्फटिक बदलतात आणि गोळी आतून सिमेंटसारखी धरते. दिसायला काही फरक नाही. पोटात मात्र ती नीट विरघळत नाही. म्हणजे कप्पा रोज रिकामा होतोय, आई खूश, आणि रक्तात औषध पुरेसं नाही. या डब्याचा खरा धोका हा आहे, आणि विकणाऱ्याच्या पानावर त्याचा एक शब्द नाही.

व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या गोळीचं तर याहून वाईट. तिला साधी हवाच सोसत नाही, पाकिटातून काढून ठेवली तर पाणी ओढून चिकट होते, म्हणून ती घ्यायच्या वेळीच फोडायची असते. माझ्या बहिणीची मुलगी कुडाळला कॉलेजात आहे, ती या गोळीवर होती. तिच्यासाठीही असाच डबा मागवला होता. तिच्या डॉक्टरांनी पुढे तिची गोळी बदलून लेव्हेटिरासेटाम दिली, त्याचं कारण डबा नव्हता. व्हॅल्प्रोएट चालू असताना गर्भ राहिला तर बाळात जन्मतः व्यंग येण्याचा धोका साधारण दहात एक असतो, आणि वाढ व शिकण्याच्या अडचणींचा त्याहूनही जास्त. घरात लग्नाच्या वयाची मुलगी या गोळीवर असेल तर हे आधी विचारा. पण गोळी आपणहून बंद मात्र करायची नाही, फिट आली तर ती आई आणि बाळ दोघांनाही घातक. मामाने हे बोलायला थोडा संकोच वाटला, पण बोललो.

मग डबा फेकून दिला का? नाही. त्यावर उपाय मालवणच्या मेडिकलवाल्याने सांगितला. गोळ्या फोडायच्याच नाहीत. स्ट्रिप कात्रीने कापायची, एकेका गोळीचा फॉइलसकट चौकोन करायचा आणि तो चौकोन कप्प्यात टाकायचा. गोळी बंद राहते, आणि घेतली की नाही तेही कळतं.

यातही चार भानगडी आहेत. पहिली, चौकोन कप्प्यात बसत नाही. डब्याचे कप्पे नुसत्या गोळीच्या मापाने केलेत. सीआरची, म्हणजे सावकाश सुटणारी, मोठी गोळी फॉइलसकट घातली की झाकण वर राहतं. कोपरे तिरके कापावे लागतात, आणि कापताना फुगा फुटला तर सगळी मेहनत वाया. दुसरी, कोपरे टोकदार राहतात. म्हाताऱ्या माणसांनी अंधारात फॉइलसकट गोळी गिळल्याची आणि आतड्याला इजा झाल्याची प्रकरणं डॉक्टरांना माहीत आहेत. माझ्या आईच्या हातात मी असा चौकोन देत नाही, तिच्या गोळ्या मीच फोडून देतो. तिसरी, स्ट्रिपवर नाव आणि मुदत पुष्कळदा एकाच टोकाला छापलेली असते. कापताना आधी ते टोक कापलं गेलं तर उरलेल्या गोळ्या कुठल्या, कधीपर्यंतच्या, काही कळत नाही. म्हणून आम्ही दुसऱ्या टोकाकडून कापत येतो आणि छापील तुकडा शेवटपर्यंत ठेवतो. चौथी भानगड वेळेची. रविवारी दुपारी बायको आणि मी समोर प्रिस्क्रिप्शन ठेवून बसतो, ती वाचते, मी टाकतो. एकट्याने भरू नये असं माझं मत झालंय. रोज स्ट्रिपमधून घेताना चूक झाली तर एका वेळेची होते, डबा चुकीचा भरला तर सात दिवस तीच चूक पोटात जाते.

भरलेला ट्रे मी पुन्हा मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवतो, फराळाचा असतो तसला, झाकण गच्च. आत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या वापरू नका, त्या आपल्या हातात येईपर्यंत दुकानातलीच ओल पिऊन बसलेल्या असतात. रंग बदलणारी सिलिका मिळते ती बरी, पण निळी घेऊ नका, तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. नारिंगी घ्या, पुडी फाटलेली नको. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला आमच्याकडे दर तिसरा पाहुणा देतो. फ्रीजमधून थंड स्ट्रिप बाहेर काढली की आमच्या हवेत तिच्यावर लगेच दव धरतं, आणि इथे दिवसातून कितीदा लाइट जाते ते त्या पाहुण्यांना रात्री कळतंच. खोक्यावर तीस अंशांखाली, कोरड्या, अंधाऱ्या जागी असं लिहिलेलं असतं. आमच्या घरात ती जागा म्हणजे माजघरातलं भिंतीतलं कपाट. चुलीवरची फळी नाही, देव्हाराही नाही.

अर्धा तारा अक्षरांचा. वारांची नावं इंग्रजीत, तीही एकेका अक्षराने. टी दोन, एस दोन. माझी आई मराठी चौथी शिकलेली, तिला त्यातलं एकही अक्षर कळत नाही, आणि मला सकाळी सहाला मंगळवारचा टी कुठला, गुरुवारचा कुठला ते कळत नाही. वर कागद चिकटवून सो, मं, बु लिहिलं, ते घामाच्या हातांनी श्रावणापर्यंत पुसलं. शेवटी बायकोच्या नेलपॉलिशने लिहिलं, ते टिकलंय. भारतात विकायला आणलेल्या वस्तूवर देवनागरी छापायला किती पैसे लागतात?

मुलांच्या बाबतीत मात्र डबा थेट नापास. झाकण चार वर्षांचं पोर उघडतं, भावाच्या मुलाने माझ्यासमोर उघडून दाखवलं. रंगीत डब्या, आत गोळ्या, पोराला ते खेळणंच वाटणार. आणि या गोळ्या लहान मुलाच्या पोटात गेल्या तर थेट हॉस्पिटल. ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे उंच, कडीवाल्या कपाटाशिवाय हा डबा आणूच नका.

मुंबईच्या चुलतभावाने याचा महागडा भाऊ पाठवला होता, अलार्मवाला. वेळ झाली की पीं पीं वाजायचा. खाऱ्या हवेने बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढला आणि पावसाळा संपायच्या आत तो मुका झाला. मोबाइलचा अलार्म फुकट आहे, तोच ठेवलाय.

प्रवासाला हा डबा नेऊ नये, निदान एकटा नाही. समजा मला कणकवलीच्या स्टँडवर फिट आली आणि खिशात नुसत्या पांढऱ्या गोळ्या सापडल्या. बघणाऱ्याला काय कळणार? खिशात एक अख्खी स्ट्रिप आणि प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स असतेच. पाकिटात चिठ्ठी: काय घेतो, किती मिलिग्रॅम, किती वाजता, बायकोचा नंबर. गोळीवर नाव नसण्याचा आणखी एक तोटा म्हणजे मेडिकलमध्ये ब्रँड बदलून मिळाला तर डब्यात ते दिसतच नाही. साधी कार्बामाझेपिन आणि सीआर, म्हणजे सावकाश सुटणारी, यांत फरक आहे, एकाच्या जागी दुसरी चालत नाही. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिनिटॉइन या फिटच्याच औषधाच्या कॅप्सूलमध्ये औषध तेच, तेवढंच ठेवून फक्त भरायची पूड बदलली होती, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज, तर कितीतरी रुग्णांना औषध जास्त झाल्याची लक्षणं दिसली. हे कळल्यापासून मी बिलावरचं नाव आणि स्ट्रिपवरचं नाव दुकानातच जुळवून बघतो. वेगळं निघालं तर डॉक्टरांना फोन, मग पैसे.

डब्यात आठवडा मावतो, पण घरात आठवड्याचाच साठा ठेवणं कोकणात परवडत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, माड आडवे, खांब आडवे, कितीतरी दिवस वीज नाही. त्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. घाटात दरड आली की कोल्हापूरहून येणारा माल थांबतो, आणि गणपतीत तर गर्दीने रस्ताच बंद होतो. निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवतो, आणि जुन्या आधी संपवतो. डबा विकणारे हे सांगणार नाहीत, त्यांच्याकडे दरड कोसळत नसावी.

एक गोष्ट आम्हाला फुकटात मिळाली. ट्रेच्या तळाखाली सपाट मोकळी जागा आहे. तिथे बायकोने एक कागद चिकटवलाय, फिट आली तर काय करायचं ते, मोठ्या अक्षरात. कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. तोंडात काही घालू नका, चमचा नाही, पाणी नाही. कांदा-चप्पल हुंगायला देऊ नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांपुढे गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८. आमच्याकडे राहायला येणारे पाहुणेही तो वाचतात. एक बाई म्हणाल्या, हे त्यांनी पहिल्यांदाच वाचलं, त्यांच्याकडे अजून चप्पलच देतात.

खोक्यावर इंग्रजीत 'सेफ्टी' असं मोठ्याने छापलंय. ती गोळीपुरती. बाकीची आमची आम्हालाच सांभाळावी लागते. माडावर चढणं बंद, वाडीतल्या पोराला पैसे देऊन नारळ उतरवतो. विहिरीला कठडा बांधून घेतला, पाणी पंपाने. न्हाणीघराला आतून कडी नाही, बायको बाहेरून हाक मारते. चुलीपुढे एकटा बसत नाही. समुद्रात पोहायला जायचं तर सोबत पोहता येणारा आणि माझं दुखणं ठाऊक असलेला माणूस हवा. होडीत तर लाइफ जॅकेट, वाडीतले हसले तरी. मोटारसायकल भावाला देऊन टाकली. लायसन्सच्या अर्जासोबत जो फॉर्म १ भरायचा असतो, त्यात फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल स्वतः लिहून द्यायचं असतं, आणि मला खोटं लिहायचं नव्हतं. सगळ्यांत कठीण गेलं ते जागरण. दशावतार पहाटेपर्यंत चालतो, आणि झोप मोडली की फिट जवळ येते हे मला अनुभवाने कळलंय. आता मध्यरात्रीआधी उठून घरी येतो. खेळ संपेपर्यंत थांबत नाही म्हणून मित्र चिडवतात, चिडवू देत. दारूही तशीच सुटली. उपवासाच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही असं आमच्याकडे बायका विचारतात. घ्यायची, पाण्याने उपवास मोडत नाही.

कोणी घ्यावा: ज्यांच्या दिवसातून दोन वेळा गोळ्या आहेत, घरात भरून देणारं दुसरं माणूस आहे आणि जे फॉइल न काढता ठेवायला तयार आहेत त्यांनी. चार कप्प्यांचा घेऊ नका, दोनच कप्प्यांचा घ्या, सकाळ आणि रात्र. कप्पे मोठे असतात आणि फॉइलचा चौकोन कोपरे न कापता बसतो. घेण्याआधी विकणाऱ्याने कप्प्याचं माप दिलंय का बघा, आमच्या डब्याचं दिलं नव्हतं. सुट्या गोळ्या कागदी पुडीत मिळत असतील तर त्या डब्यात ओतू नका, मेडिकलमध्ये स्ट्रिपच मागा. मालवणच्या दुकानदाराने दोन कप्प्यांचे डबे मागवले आहेत, किंमत त्याने अजून सांगितलेली नाही.